सर्जनला आधी गाठा, ड्रॉइंग नंतर काढा

भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपवर अधूनमधून एखादा तरुण इंजिनिअर येतो. लॅपटॉप उघडतो, स्क्रीनवर लॅप्रोस्कोपीचं, म्हणजे पोटाला छोटी भोकं पाडून दुर्बिणीतून करायच्या ऑपरेशनचं, एखादं हत्यार गरागरा फिरवून दाखवतो आणि विचारतो, "मॅडम, एवढं मेटलमध्ये करून द्याल का?" मॉडेल बहुतेक वेळा देखणं असतं. मी विचारते, हे कोणत्या सर्जननं पाहिलंय? उत्तर ठरलेलं: "आधी प्रोटोटाइप होऊ दे, मग दाखवतो."

मग दाखवायला गेलात की सर्जन ते दोन मिनिटं हातात धरतात, "छान आहे, चालू ठेवा" म्हणतात आणि पुढच्या पेशंटकडे वळतात. तुमचे पैसे गेलेत, मेहनत गेली आहे, हे त्यांना दिसत असतं. भला माणूस अशा वेळी तोंडावर वाईट बोलत नाही. त्या 'छान आहे'ची किंमत शून्य. सर्जनची खरी गरज असते ती काय बनवायचं हेच ठरलेलं नसतं तेव्हा. म्हणून खाली जे लिहिते आहे ते त्या सुरुवातीच्या दिवसांसाठी आहे. उदाहरणाला पाच मिलिमीटरचा, साधारण ३३ सेंटिमीटर लांबीचा लॅप्रोस्कोपिक नीडल होल्डर घेते. पोटाच्या आत टाके घालायला सुई धरायचं हे हत्यार. माझे हात सगळ्यात जास्त यातच काळे झालेत.

कोणाकडे जायचं

शहरातल्या सगळ्यात नामांकित सर्जनकडे पहिल्यांदा जाऊ नका. त्यांच्याकडे परदेशी सेट असतो, मुरलेला असिस्टंट असतो, आणि त्यांच्या हातात वाकडं हत्यारही सरळ चालतं. त्यांना अडचण दिसत नाही, कारण ती त्यांनी वीस वर्षांपूर्वी पचवलेली असते. ते नंतर लागतील.

आधी तालुक्याच्या गावी स्वतःचं छोटं हॉस्पिटल चालवणारे सर्जन शोधा. एक सिस्टर, एक असिस्टंट आणि एकच सेट घेऊन ते दुर्बिणीतून पित्ताशय काढतात. दुसरा, नुकताच टाके घालायला शिकणारा तिसऱ्या वर्षाचा रेसिडेंट. त्याच्या चुका अजून ताज्या आहेत आणि त्या तो लपवत नाही. तिसरी, सहा किंवा साडेसहा नंबरचा ग्लोव्ह घालणारी सर्जन. डावखुरं कोणी मिळालं तर सोन्याहून पिवळं.

ग्लोव्हच्या नंबराचं महत्त्व सांगते. हा नंबर म्हणजे ढोबळमानानं तळहाताचा घेर, इंचांत. साडेसहा म्हणजे सुमारे साडेसोळा सेंटिमीटर, आठ म्हणजे वीसच्या वर. या दोन हातांना बाजारात हँडल मात्र एकच मिळतं. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ७२६ लॅप्रोस्कोपिक सर्जनांना विचारलं होतं. साडेसहा किंवा त्याहून लहान ग्लोव्हवाल्यांना हत्यारं वापरताना स्पष्टपणे जास्त त्रास होत होता. आपल्याकडे सर्जरी आणि गायनॅकला मुली मोठ्या संख्येनं येत आहेत. तरी माझ्यासमोर येणाऱ्या दहातल्या नऊ मॉडेलांमध्ये अंगठ्याची रिंग डिझाइनरनं स्वतःच्या अंगठ्यावर मापलेली असते.

यादीत आणखी दोन माणसं घाला: ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, सिस्टर आणि ऑटोक्लेव्ह (वाफेनं हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र) लावणारे मामा. सर्जनच्या हातात हत्यार जितका वेळ असतं त्याच्या कितीतरी पट ते यांच्याकडे असतं. बऱ्याच छोट्या हॉस्पिटलांत सेट एकच असल्यामुळे दोन केसच्या मध्ये हत्यारं दोन टक्के ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये बुडवून ठेवतात. शाफ्टच्या, म्हणजे हत्याराच्या लांब नळीच्या, आत साचलेलं रक्त कुठून धुवायचं, हा प्रश्न सर्जन विचारणार नाहीत. सिस्टर पहिल्या मिनिटाला विचारतील.

ओटीत उभं राहायला शिका

केबिनमध्ये गप्पा मारून काही कळत नाही, ऑपरेशन बघावं लागतं. त्यासाठी हॉस्पिटलच्या प्रमुखांना पत्र द्या, लेखी परवानगी घ्या. व्हिडिओ हवा असेल तर हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीला आणि पेशंटला विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका. फोन बाहेरच ठेवा, वही न्या.

पोटभर खाऊन जा. ओटीचे कपडे, टोपी, मास्क, आतल्या चपला. हिरवं कापड घातलेल्या कशालाही हात लावायचा नाही, ट्रॉली आणि टेबल यांच्या मधून जायचं नाही, पाठ भिंतीकडे ठेवायची. सर्वांत चांगली जागा पेशंटच्या डोक्याकडे, भूलतज्ज्ञांच्या मागे. तिथून सर्जनचे हात आणि मॉनिटर दोन्ही दिसतात. चक्कर येतेय असं वाटलं तर सरळ खाली बसा, कोणी हसत नाही. बेशुद्ध होऊन ट्रॉलीवर पडलात तर मात्र पुन्हा बोलावणार नाहीत.

आणि गप्प राहा. पित्ताशय बाहेर येईपर्यंत एकही प्रश्न नाही.

वहीत काय लिहायचं? हत्यार बदललं की वेळ. सुई जॉमध्ये, म्हणजे हत्याराच्या जबड्यात, फिरली की खूण. सर्जननं हात झटकला, बोटं मोकळी केली, अंगठा रिंगमधून काढून तळहातावर धरलं की खूण. "हा नको, तो जुना दे" असं ऐकू आलं तर तो जुना कोणता, ते केस संपल्यावर सिस्टरांकडून बघून घ्या. एकदा हात बघा, एकदा मॉनिटर. नीडल होल्डरचा रॅचेट, म्हणजे पकड बंद ठेवणारा दातेरी खटका, सुटताना बाहेर हाताला किंचित झटका बसतो. आत त्याच क्षणी सुईचं टोक उडी मारतं आणि टिश्यू फाटतो. विचारलंत तर सर्जन सांगतील, रॅचेटचा काही त्रास नाही. ते टोक सावरायची त्यांना इतकी सवय झालेली असते की सावरतो आहोत हेही कळत नाही. आम्ही रॅचेटचे दात बदलले, ते अशा खुणांवरून.

काय हवं, असं विचारू नका

"सर, तुम्हाला काय हवं?" या प्रश्नाला सर्जन उपाय सांगतात, कारण उपाय सांगणं हाच त्यांचा धंदा आहे. "फिरवायचा नॉब मोठा करा." "हँडल हलकं करा." तुम्ही ते लिहून घेता, करून आणता, आणि त्रास तसाच राहतो. तुम्हाला त्यांच्याकडून उपाय नको, अडचण हवी. म्हणून असं विचारा: "गेल्या आठवड्यात हे हत्यार कधी नकोसं झालं? तेव्हा काय चाललं होतं? मग तुम्ही काय केलंत?" केस संपल्यावर चहाच्या वेळी, हत्यार त्यांच्या हातात देऊन. हात आठवण काढतो, तोंड सिद्धांत मांडतं.

एक तक्रार फार ऐकू येते: हँडलमुळे मनगट आणि खांदा दुखतो. हँडलचा कोन बदलायला धावण्याआधी टेबल बघा. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, ते देशातलं पहिलं. तिथून दुर्बीण तालुक्यापर्यंत पोचली, पण बऱ्याच ठिकाणी टेबल पोट उघडून करायच्या ऑपरेशनांचंच राहिलं. दुर्बिणीसाठी टेबल सर्जनच्या कोपराच्या उंचीच्या साधारण ७० ते ८० टक्क्यांवर हवं. ही टेबलं तेवढी खाली जात नाहीत. वर पोटात गॅस भरलेला, त्यातून लांब हत्यार बाहेर आलेलं. बुटक्या सर्जनचा कोपर खांद्याच्या रेषेत जातो. मग पायाखाली स्टूल घेतात, आणि पायाचं पेडल चाचपत एका पायावर ऑपरेशन करतात.

टेबल बदलणं तुमच्या हातात नाही. पण हँडलची चाचणी त्या चुकीच्या उंचीवर घेणं तुमच्या हातात आहे. वर्कशॉपमधल्या बाकावर, खुर्चीत बसून कोणतंही हँडल सुखाचं वाटतं.

हाच रस्ता पुढे नेला तर प्रश्नच बदलू शकतो. लीड्स विद्यापीठातल्या अभियंत्यांनी भारतातल्या ग्रामीण सर्जनांबरोबर बसून 'रेज' नावाचं उपकरण घडवलं. कार्बन डायऑक्साइड, तो भरायचं यंत्र आणि पूर्ण भूल देणारा डॉक्टर यांची जिथे वानवा, तिथे पोटात गॅस न भरता पोटाची भिंतच वर उचलून धरायची आणि दुर्बीण घालायची, अशी ती पद्धत. भिंत उचलायची कल्पना नवी नव्हती. डॉ. जे. ज्ञानराज यांच्यासारखे सर्जन ती आधीपासून वापरत होते. अभियंत्यांनी त्यांच्या हातातल्या उपकरणापासून सुरुवात केली, आपल्या कल्पनेपासून नाही.

कप्पा उघडायला सांगा

प्रत्येक ओटीत एक कप्पा असतो. त्यात पक्कडीनं वाकवलेली फोर्सेप्स, टेप गुंडाळलेलं हँडल, कापून आखूड केलेली ट्यूब असं काहीबाही असतं. सर्जन ते दाखवायला लाजतात. सिस्टरांना विचारा. सुटलेलं पित्ताशय बाहेर काढायला विकतची पिशवी महाग पडते, म्हणून ग्लोव्हच्या मनगटाला दोरा बांधून केलेली पिशवी तुम्हाला अनेक ठिकाणी दिसेल. असा जुगाड दिसला की वही काढा. सर्जननं स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या हातानं काही केलं असेल तर ती अडचण खरी आहे. सर्व्हेत टिक केलेली अडचण खरी असतेच असं नाही.

ग्लोव्हवरून आठवलं. अमेरिकेतल्या सिनसिनाटीचे थॉमस फोगार्टी शाळकरी वयापासून हॉस्पिटलात पडेल ते काम करायचे, पुढे ओटीत हत्यारं हातात द्यायला उभे राहू लागले. पायाच्या धमनीतली रक्ताची गाठ काढायला तेव्हा धमनी लांबवर उघडावी लागे, आणि बऱ्याच पेशंटचा पाय जाई. फोगार्टींनी बारीक कॅथेटरच्या टोकाला सर्जिकल ग्लोव्हच्या करंगळीचा तुकडा बांधला, मासेमारीचे गळ बांधताना शिकलेल्या गाठींनी. रक्ताच्या गाठीच्या पलीकडे जाऊन फुगा फुगवायचा आणि मागे ओढायचा. १९६१ साली ते पहिल्यांदा पेशंटवर वापरलं गेलं. बनवायला कंपन्या सुरुवातीला तयार नव्हत्या. आज जगभरच्या ओट्यांत ते फोगार्टी याच नावानं मागतात. हा कॅथेटरही कधीकाळी कप्प्यातच असणार.

पहिला नमुना कुरूप असू द्या

पॉलिश केलेला नमुना दाखवला की माणूस अदबीनं बोलतो. एम-सील थापलेला दाखवला की लगेच हातात घेऊन "अरे, हे इथे टोचतंय" म्हणतो. म्हणून पहिल्या भेटीला भंगारातल्या जुन्या नीडल होल्डरचा शाफ्ट आणि त्यावर तीन वेगवेगळी हँडलं न्या: एक पिस्तुलासारखं, एक शाफ्टच्या रेषेत सरळ, एक मधल्या कोनाचं. एम-सील चालतं, थ्रीडी प्रिंट चालतं. एकच नमुना नेलात तर उत्तर हो किंवा नाही येतं. तीन नेलेत तर सर्जन तुलना करतात, आणि तुलनेत कारणं बाहेर पडतात.

चाचणीला झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या. झाकणाला भोकं पाडून रबर लावा, आत वेबकॅम आणि एलईडी. टाके घालायला चिकनचं कातडं किंवा खाटकाकडून आणलेलं बकऱ्याचं आतडं. मुदत संपलेले सूचर, म्हणजे टाक्यांचे दोरे, हॉस्पिटलात पडून असतात, मागितले की मिळतात. डबा टेबलावर वर चढवून ठेवा, वर सांगितलेली वाईट उंची साधायला. सर्जनना त्यांच्याच नंबरचे ग्लोव्ह घालायला लावा आणि त्यावर सोनोग्राफीची जेली चोळा, कारण कोरड्या हातांनी ऑपरेशन होत नाही. दहा मिनिटांची चाचणी पुरत नाही. चाळीस मिनिटांनी अंगठा बधिर होतो, तेव्हा खरं बोलणं सुरू होतं.

प्रिंट केलेला नमुना सिस्टरांच्या हाती देताना बजावून सांगा. पीएलए हे प्रिंटिंगचं प्लॅस्टिक साठ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं आणि ऑटोक्लेव्ह १२१ किंवा १३४ अंशांवर चालतो. सवयीनं कोणी आत टाकलं तर तुमचा नमुना ट्रेला चिकटून बाहेर येईल.

याच टप्प्यात कधीतरी सर तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतील, "बरं झालंय हे. उद्या घेऊन ये, एका केसमध्ये वापरून बघू." उत्तर: नाही, सर. कितीही मोठा माणूस असो. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ प्रमाणे चाचणीसाठी थोडे नग बनवायलाही एमडी-१३ हा परवाना लागतो. पेशंटवर अभ्यास करायचा तर एथिक्स कमिटी आणि नियमांत लागेल ती क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशनची परवानगी. भीडेपोटी दिलेला एक नग तुमचा आणि सरांचाही घात करू शकतो. "डब्यात अजून एकदा करू या" म्हणा. बहुतेक सर्जन ऐकतात.

विशेषणांचे आकडे करा

'हलकं', 'घट्ट', 'गुळगुळीत' हे शब्द ड्रॉइंगवर लिहिता येत नाहीत. बॅगा मोजायचा हुकाचा डिजिटल काटा घ्या, रॅचेट सोडायला किती जोर लागतो ते मोजा. मग तीन ताकदींच्या स्प्रिंगा लावून तीन नग करा, लाल-निळी-पिवळी टेप चिकटवा आणि कोणता कोणता ते सांगू नका. काही दिवसांनी टेपांची अदलाबदल करून पुन्हा द्या. दोन्ही वेळा एकाच स्प्रिंगवर बोट ठेवलं तर ती आवड खरी. नाहीतर तो त्या दिवसाचा मूड.

काही गोष्टी मोजाव्या लागत नाहीत, फक्त आधी विचाराव्या लागतात. चकाचक बफिंग विक्रेत्यांना आवडतं. सर्जनना ते नको असतं, लाइट परतून डोळ्यांत जातो. मॅट ठेवा. हँडलला शोभेसाठी सोनेरी रंग देऊ नका: ओटीत सोनेरी रिंग म्हणजे जॉला टंगस्टन कार्बाइडचं कठीण अस्तर, असा संकेत आहे. साध्या जॉच्या नगाला सोनेरी केलंत तर सिस्टर तो चुकीच्या सेटमध्ये लावतील. मटेरियल मात्र सर्जनना विचारायचं नाही, ते तुमचं काम. "३०४ मध्ये करा" असं कोणीही सांगितलं तरी जॉ ३०४ नंबरच्या स्टेनलेस स्टीलचा करू नका, ते हार्डन होत नाही. ४२० घ्या, हार्डनिंग आणि पॅसिव्हेशन (गंज रोखणारी प्रक्रिया) नीट करून घ्या.

पैसा, पेटंट, नाव

हे पहिल्या महिन्यातच बोला, नंतर अवघड होतं. सर्जनच्या वेळेचे पैसे द्या, लेखी कराराने, आणि त्यांच्या हॉस्पिटलनं तुमचा माल घेण्याशी त्याचा काडीचा संबंध ठेवू नका. सरकारी किंवा कॉलेजच्या हॉस्पिटलात असतील तर करार संस्थेमार्फत.

दाखवण्याआधी गुप्ततेच्या करारावर सह्या. कल्पना ठरली की प्रोव्हिजनल पेटंट अर्ज. पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. अर्जाआधी सरांनी कॉन्फरन्सच्या स्लाइडवर फोटो टाकला तर नावीन्य गेलं, म्हणून त्यांना हे आधीच सांगून ठेवा. ऑपरेशनच्या पद्धतीला भारतात पेटंट मिळत नाही, हत्याराला मिळतं. संशोधक म्हणून नाव कोणाचं? ज्यानं युक्ती सुचवली त्याचं. नुसतं वापरून बघितलेल्याचं नाही. वहीत तारखेसकट 'हे कोण म्हणालं' लिहिलेलं असेल तर भांडण होत नाही. तीच वही पुढे आंतरराष्ट्रीय मानकांच्या कागदपत्रांत, आयईसी ६२३६६-१ च्या वापरसुलभतेच्या फाइलला आणि आयएसओ १४९७१ च्या धोक्यांच्या फाइलला पुरावा म्हणून कामी येते. वेगळा खटाटोप नाही.

हत्याराला आपलं नाव द्यावं असं काहींना वाटतं. कोखर, अ‍ॅलिस, बॅबकॉक या सर्जनांची हत्यारांना लागलेली नावं रोज तोंडात असणाऱ्या माणसाला वाटणारच. द्या की. करारात लिहा, फुकट आहे.

दोघांची मतं उलटी आली तर

येणारच. एकाला पिस्तूल पकड हवी, दुसऱ्याला सरळ. आधी बघा, कोण कशावर शिकलं. बरीचशी ठाम मतं ही निवासी डॉक्टर असताना हाताला लागलेली वळणं असतात. सवयीचा वाद असेल तर एक बाजू घ्या आणि ती का घेतली ते दुसऱ्याला सांगा. सुरक्षेचा असेल, टोक उडतं, सुई निसटते, तर बहुमत मोजू नका. एकाला जरी दिसलं तरी ते दुरुस्त करा.

सगळ्यांना खूश करायला हँडल अॅडजस्टेबल करायचा मोह होईल. प्रत्येक जास्तीचा स्क्रू म्हणजे रक्त साचायची एक फट आणि पोटात पडू शकणारी एक वस्तू. आम्ही दोन मापांची दोन हँडलं केली. डीलरनं नाक मुरडलं, पण लहान मापाचं मागवतात.

आणि एका तारखेला थांबा. डिझाइन गोठवलं की नवीन सूचना दुसऱ्या वहीत, पुढच्या आवृत्तीसाठी. आता नामांकित सरांकडे जा. टूलिंगचे, म्हणजे साचे-डायचे, पैसे ओतण्याआधी या नव्या डोळ्यांना काही भयंकर दिसतंय का, एवढंच विचारायचं.

पहिला लॉट गेल्यावर सर्जनना फोन करून "कसं वाटतंय?" विचारू नका, पुन्हा 'छान आहे' ऐकाल. ओटीत जा आणि सिस्टरांना विचारा, केस संपल्यावर ट्रॉलीवरून कोरडा परत येतो तो नग कोणता, आणि कोणता नग ऑटोक्लेव्हमधून निघायची वाट बघत सर खोळंबतात.